साडूंच्या पायाखालचं गरम पाणी

भिवंडीत वर बघून चालणारा माणूस खड्ड्यात जातो आणि खाली बघून चालणारा टेम्पोखाली. माझे थोरले साडू मात्र लग्न झाल्यापासून, आणि त्याच्याही आधीपासून, जमिनीच्या आत बघत चालत आले आहेत आणि त्यांना अजून साधं खरचटलेलंसुद्धा नाही. इतका सुखरूप आंधळेपणा अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला लाभला असेल असं मला वाटत नाही. धामणकर नाक्यावर सगळ्या बाजूंनी रिक्षा अंगावर येत असताना हा माणूस रस्त्याच्या मधोमध थांबतो, डांबराकडे टक लावून बघतो आणि मला विचारतो, "इथे खाली काळा दगड किती जाड असेल रे?" मी त्यांचं मनगट धरून त्यांना पलीकडे नेतो. माझं तिथेच लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे हे मनगट धरण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं.

त्यांची नोकरी मुंबईतल्या एका संस्थेत होती. जमिनीखाली खोलवर जे गरम पाणी साठलेलं असतं ते किती आहे, कुठून येतं, वर काढलं तर किती वर्षं पुरेल आणि त्याच्यावर वीज करता येईल का, याचा अभ्यास करायचा. हे काम कॉम्प्युटरवर होतं असं म्हणतात, पण साडू ते ताटातसुद्धा करत. पानात भात पडला की त्यांना डोंगर दिसे. वरण ओतलं की पाऊस. मग ते वरण भाताच्या पोटातून झिरपत ताटाच्या काठाशी नेमकं कुठून बाहेर येतं हे बघत ते बसून राहत. आलं की काठावरच्या त्या ओघळावर बोट ठेवून म्हणत, "ही बघ, ही आपली अकलोलीची गरम कुंडं." तोवर आमची पंगत उठलेली असे आणि ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांच्या भातावर गरम वरण दुसऱ्यांदा वाढत असे.

ताईला बघायला आले तेव्हाचा किस्सा तर सासुरवाडीला अजून सांगतात. आमची सासुरवाडी अकलोलीच्या गरम कुंडांपासून चालत जाण्याइतकी जवळ. पोहे झाले, चहा झाला, साडूंच्या वडिलांनी मुलीला काही विचारायचं तर विचार अशी खूण केली. यांनी घसा साफ करून विचारलं, "तुमच्या विहिरीतून थंडीत पहाटे वाफ येते का?" सगळी बैठक गार पडली. ताई तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागली होती, पोरांच्या चमत्कारिक प्रश्नांची तिला सवय होती. ती म्हणाली, "येते." "रोज?" "मी जाते त्या दिवशी तरी येते." एवढ्यावर लग्न ठरलं. थंडीत वाफ सगळ्याच विहिरींतून येते हे ताईला पुढे कळलं. तिने ते त्यांना सुनावलंही. तेव्हा म्हणाले, "ते मला तेव्हाही माहीत होतं. पण काहीतरी विचारायला हवं होतं ना." ताई हे सांगते तेव्हा आजही थोडी लाजते, आणि आपण लाजतोय हे कळू नये म्हणून लगेच त्यांच्यावर ओरडते.

लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला तापमापक. स्टीलची लांब सळई आणि वर आकडे दाखवणारी छोटी काच. ती सळई त्यांनी कशाकशात बुडवली आहे त्याचा हिशेब नाही. माझ्याच लग्नात मटणाच्या रश्श्यात बुडवून त्यांनी वाढप्याला सांगितलं होतं, की हा रस्सा पंगतीच्या शेवटापर्यंत टिकणार नाही, तोंड रुंद असलेल्या पातेल्यातून उष्णता फार जाते. वाढपी म्हणाला, "शेवटच्या पंगतीला रस्साच टिकत न्हाय शेठ, गरमचं काय घेऊन बसलात." दुकानात वीज गेली, आजूबाजूच्या लूमचा खडखडाट एकदम थांबला की यांना कंठ फुटे. माझ्याकडे लूमचे पिकर घ्यायला आलेल्या कारखानदाराला ते समजावत, की तुमच्या तालुक्याच्या पोटात केवढी ऊब पडून आहे आणि तुम्ही अंधारात बसलाय. तो बिचारा मे महिन्यातल्या पत्र्याखालून आलेला, घामाने निथळत असलेला. तो म्हणे, "साहब, ऊपर क्या कम भट्टी है जो नीचे से और निकालोगे?" साडूंना याचा राग येत नसे. त्यांना कशाचाच राग येत नसे, आणि हाच मला त्यांचा सगळ्यात मोठा राग.

या माणसाची आयुष्यात एकच इच्छा होती: अकलोलीजवळ एक चाचणीची बोअर व्हावी. खोल. खालचं पाणी खरंच किती गरम आहे ते एकदा हाताला कळावं. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, की अहवाल द्या, त्यावर समिती ठरवेल. आत्ता झालं तर झालं, ते गेल्यावर हे प्रकरण कुणी हातात घेणार नव्हतं. साडू जेवणखाण विसरून कामाला लागले. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये आमच्या सासुरवाडीच्या खालची सगळी जमीन चौकोन चौकोन करून रचली होती, गरम चौकोन लाल, थंड निळा. पण असं मॉडेल नुसतं रचून भागत नाही. ज्योतिषाकडे गेल्यावर आपण आधी मागचं विचारतो, ते बरोबर सांगितलं तरच पुढच्यावर विश्वास ठेवतो, तसंच याचंही. कुंडाचं पाणी पन्नास वर्षांपूर्वी किती गरम होतं हे मॉडेलने आधी बरोबर सांगायचं, मग पुढच्या पन्नास वर्षांचं बोलायचं. आणि इथेच गाडं अडलं, कारण पन्नास वर्षांपूर्वीचं धड मोजलेलं कुणाकडेच नव्हतं. साडूंची स्वतःची मोजणी थोड्या वर्षांची, आणि तेवढ्या अवधीत खालचं पाणी कूससुद्धा बदलत नाही.

वाट दाखवली ती आमच्या सासूबाईंनी. सासूबाई म्हणजे शेतात आणि खाडीत राबलेली बाई, बोलायला फटकळ, आणि या जावयावर तिचा फार जीव. त्याला कुणी वेडा म्हटलं तर भांडायला उठायची, स्वतः मात्र दिवसातून दोनदा म्हणायची. एकदा साडू तिला सांगत होते, की कुंडात आज येतं ते फार जुन्या पावसाचं पाणी, डोंगरात मुरून, खोल जाऊन, तापून वर आलेलं. तुमच्या लहानपणचा पाऊस अजून खालीच आहे. ती म्हणाली, "मंग त्यो वर कवा येल?" "आपण नसू तेव्हा." "तं मना काय त्याचा! माझे गुडघे आज दुखतान." आणि टॉवेल खांद्यावर टाकून कुंडावर निघाली. चालता चालता तिने सहज सांगितलं, की त्या पोरी होत्या तेव्हा सगळ्यात कढत कुंडावर पैज लागायची. पाय बुडवायचा आणि हळदीच्या गाण्यातलं नवरीच्या मामाची वाट बघण्याचं कडवं म्हणायचं. मामा मांडवात पोचायच्या आत पाय काढला की हरली. "अर्धा कडवा पन व्हयाचा न्हाय. मामा वेशीवर आसतानाच पाय वर! आता बसा खुशाल, आख्खा गाना म्हना. पानी पयल्यासारका ऱ्हायलाच न्हाय."

साडू जागच्या जागी उभे राहिले. पन्नासच काय, साठ वर्षांपूर्वीचा तापमापक त्यांना सापडला होता. कडवं तेच, चाल तीच, म्हणायला लागणारा वेळ तोच. फक्त पाय किती ओळी टिकला ते विचारायचं. मग जे काय सुरू झालं ते बघायला गावोगावची पोरंटोरं जमायची. आसपासच्या गावांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गाठून हा संस्थेतला साहेब विचारत होता, की आजी, तुमच्या वेळी मामा कुठवर यायचा? आणि आजी लाजत, हसत, गाऊन दाखवत, आणि साहेब मोबाइल धरून वेळ मोजत. घरी त्यांनी न्हाणीघरात वेगवेगळ्या उष्णतेच्या पाण्याच्या बादल्या मांडल्या. अर्ध्या कडव्याला पाय काढावा लागतो म्हणजे पाणी नेमकं किती तापलेलं, हे स्वतःच्या पायावर ताडून बघायला. कडवं म्हणायला ताईला उभं केलं. ताई मला म्हणाली, "एवढी वर्षं संसार केला, कधी तोंडातून निघालं नाही, की जरा गाणं म्हण. आता म्हणाले, तेही बादलीत पाय घालून!" त्यांचे पाय उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

म्हाताऱ्यांची साक्ष एकमुखी होती. लहानपणी अर्धं कडवं, पोरंबाळं झाल्यावर अख्खं, आता सगळं गाणं. इतकी एकमेकींशी जुळणारी मोजमापं आपल्याला उपकरणांनीसुद्धा कधी दिली नाहीत, असं साडू म्हणत. त्यांनी ती मॉडेलात घातली, आणि मॉडेलने उत्तर दिलं, की अकलोलीच्या खालचं पाणी थंड होत चाललंय. खालून गरम पाणी वर आणणारी भेग बुजत असावी. लाल चौकोन एकेक करून निळे होत होते. अजून थोड्या वर्षांनी कुंडात नुसतं कोमट पाणी, आणि बोअर मारली तर तिच्यातही तेच.

ते सांगायला ते दुकानात आले तो दिवस मला आठवतो. स्टुलावर बसले, चहा समोर ठेवला तर सळईसुद्धा काढली नाही, तेव्हाच मी ओळखलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "अहवालात लिहावं लागेल, की बोअर नको."

मी चिडलो. मी म्हटलं, "दादा, आयुष्यभर एकच मागणं मागितलंत. पुढच्या वर्षी घरी बसाल. लिहून टाका, की गरम आहे. बोअर झाली की कळेल काय ते!"

"तसं नसतं रे," ते म्हणाले. "मी पाण्याला विचारून लिहितो. मला विचारून नाही."

"मग पाण्याचं काय म्हणणं आहे?"

"ते म्हणतंय मी थकलो." आणि त्यांनी चहा तसाच ठेवला. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच एका गिऱ्हाइकावर खेकसलो.

अहवाल पाठवायच्याच आठवड्यात सासूबाई डॉक्टरला दाखवायला म्हणून भिवंडीला ताईकडे आल्या. आल्यापासून तक्रारी. चहा थंड, भाकरी थंड, या शहरात ऊन तेवढं गरम. सकाळी अंघोळीआधी पायावर पाणी ओतून बघत त्यांनी न्हाणीघरातून आवाज दिला, "गो, पानी थंड हाय! आजून वत!" ताईने गॅसवरचं पातेलं नेऊन ओतलं. परत आवाज, "थंडच हाय!" ताई पोळ्या टाकत होती, म्हणून साडूच दाराशी गेले आणि दारातल्या बादलीत सवयीने बोट बुडवलं. त्यांची किंकाळी खालच्या वाण्याने ऐकली. मी त्याच वेळी सासूबाईंना दवाखान्यात न्यायला जिना चढत होतो, मला वाटलं कुणी पडलं. वर जाऊन बघतो तर सासूबाई लुगडं गुंडाळून पाटावर बसलेल्या आणि साडू त्यांच्या पुढ्यात ओल्या फरशीवर उकिडवे. सासूबाईंचा उजवा पाय साडूंनी दोन्ही हातांत धरला होता. पावलाच्या वरच्या बाजूला हा एवढा फोड आला होता.

"आई, हे कधी झालं?"

"कवा झाला काय म्हाईत. दुकत तं न्हाय." त्यांनीही वाकून बघितलं, दुसऱ्याचा पाय बघावा तसं.

साडूंनी सळई काढून बादलीत धरली, काचेवरचा आकडा बघितला, मग परत त्या पायाकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की त्यांना रडू येतंय की हसू, ते मला ओळखता येईना. शेवटी म्हणाले, "आई, माझं चुकलं. पाणी थंड झालेलं नाही."

"मंग काय झालाय?"

एवढ्या खोल जमिनीतलं बोलणारा माणूस, पण समोरच्या म्हातारीला तिच्या पायाबद्दल सांगायचं तर शब्द फुटेना. सासूबाईंनीच त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाल्या, "माझे पाय गेले म्हना की. तं त्यात रडताव काय, जावयबुवा? चांगले चालले इतकी वरसा."

डॉक्टरांनी शुगर सांगितली. पायांची जाणीव कमी झालीय, म्हणाले, पाणी मोजून द्या. सासूबाईंच्या पायांत शुगर निघाली आणि बाकीच्या म्हाताऱ्यांच्या पायांत नुसतं वय, अनवाणी चालून जाड झालेली कातडी आणि लहानपणीचं सगळंच कढत वाटणं. सगळ्या गावच्या म्हाताऱ्यांनी अगदी खरं सांगितलं होतं. पाणी होतं तसंच होतं. साडूंनी ती सगळी कडवी मॉडेलातून काढून टाकली. म्हाताऱ्यांनी चुलीवर अंदाजाने भात शिजवावा तसा मी भूगर्भ शिजवला, असं स्वतःलाच बोल लावून त्यांनी आपल्या थोड्या वर्षांच्या मोजणीवरच नव्याने हिशेब मांडला, आणि निळे चौकोन पुन्हा लाल झाले. समितीपुढे त्यांनी आपली चूकही सांगितली, अगदी गाण्यासकट. साहेब लोक आधी हसले. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "सासूबाई आता कशा आहेत?" मला वाटतं बोअर तिथेच मंजूर झाली.

बोअरचं मशीन नाशिककडून यायचं होतं. आम्ही दोघं त्याची वाट बघत पडघ्याला हायवेवर उभे होतो, साडू लग्नातल्या कोटात. मे महिन्यात. मशीन आलं तेव्हा वरात आल्यासारखे ते पुढे धावले, मी मनगट धरलं म्हणून वाचले. कुंडापासून लांब, नदीच्या पलीकडे जागा ठरली होती, कारण कुंडाच्या पाण्याला धक्का लागेल असं काही करायला त्यांनी पहिल्यापासून नकार दिला होता. नारळ सासूबाईंनी फोडला, पायांत डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट घालून. आणि पाणी आलं. वाफाळत आलं, मॉडेलने सांगितलं होतं त्याच्या अगदी जवळपास. पाण्याचा तो लोट बघून साडू लहान पोरासारखे तोंडावर हात धरून उभे राहिले. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी पुढे होऊन हात घातला आणि जाहीर केलं, "कोमट हाय!" सगळे हसले, सगळ्यात जास्त साडू.

वीज अजून आलेली नाही. समिती पुढच्या टप्प्यावर गेली, म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नाही. बोअरवर झाकण बसवलंय आणि साडू अधूनमधून जाऊन त्यावर हात ठेवून येतात. सासूबाई त्यानंतर ताईकडेच राहिल्या आणि दोन थंड्या काढून गेल्या. शेवटपर्यंत साडूंनी त्यांच्या अंघोळीचं पाणी रोज स्वतः मोजून दिलं. ज्या सळईने आयुष्यभर जमिनीच्या पोटातली ऊब शोधली, ती बादलीत धरून ते न्हाणीघराच्या दारात उभे राहत आणि आतून शिव्या खात, की थंड हाय, थंड हाय. "नाही आई, बरोबर आहे," असं ते म्हणत राहत. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्यासाठी एवढं केलं नव्हतं, हे मला त्यांच्याकडे बघताना कळायचं, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही दाटून येतं त्याला मी इतकी वर्षं राग म्हणत आलो हेही.

यंदाच्या थंडीत ते म्हणाले, चल, कुंडावर जाऊन येऊ. सकाळची वेळ होती, माणसं फारशी नव्हती. सगळ्यात कढत कुंडाच्या काठावर त्यांनी आधी सळई बुडवली. आकडा तोच, नेहमीचा. मग पॅंट दुमडून त्यांनी पाय सोडला आणि बेसूर, पुटपुटत, ते कडवं म्हणायला लागले. मला ते बादल्यांचे दिवस आठवले. तेव्हा मामा वेशीवर आला की यांचा पाय बाहेर असायचा. मी पायाकडे बघत होतो. मामा वेशीवर आला. मामा आळीत आला. मामा मांडवात येऊन टेकला, कडवं संपलं, आणि पाय पाण्यातच होता.

त्यांनी सळई पुन्हा बुडवून बघितली. "तेवढंच आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, ताईला सांगितलंत?"

"तिला माझ्याआधी कळलं. अंघोळीचं पाणी हल्ली तीच मोजून देते. मी म्हणतो थंड आहे, ती म्हणते बरोबर आहे." आणि हसून त्यांनी दुसरं कडवं धरलं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मीही त्यांच्या शेजारी बसून पाय सोडले. पहिल्या ओळीतच मला ते काढावे लागले, आणि काढता काढता मी हात घालून त्यांचाही पाय बाहेर ओढून घेतला.